स्वयंपाकघराचा बाहेरचा रस्ता

नवा राउटर बसला त्या दिवसापासून शेवाळ्यांचं स्वयंपाकघर फक्त बाहेरच्या माणसांना सापडू लागलं. घरातल्या माणसाला, म्हणजे भालचंद्ररावांना, हॉलमध्ये जिथं स्वयंपाकघराचं दार होतं तिथं सपाट भिंत लागायची. तिच्यावर कॅलेंडरही होतं, चालू महिन्याचं. भालचंद्ररावांनी भिंत बोटानं ठोकून पाहिली. पक्की नऊ इंची होती. कराडच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं वायरमनच्या पोरांना शिकवलं होतं, आणि भिंत ठोकल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये हा त्यांचा बाणा होता.

सकाळी दूधवाला आला. ‘इंदुमतीताई, दूध’ म्हणाला, चपला काढून हॉलमधून चालत थेट भिंतीत गेला आणि रिकामा कॅन हलवत परत आला. मग समोरच्या नलवडेकाकू विरजणासाठी वाटी घेऊन आल्या. भालचंद्रराव त्यांच्या पाठोपाठ निघाले. काकू आत गेल्या. भालचंद्ररावांचं नाक कॅलेंडरवर आपटलं, एकादशीच्या जवळपास.

तेवढ्यात हॅलिफॅक्सहून मृणालचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला.

“बाबा, आई मस्त दिसतेय आज. कांदा चिरतेय.”

“तुला दिसते?”

“हो. तुम्हाला नाही?”

मृणाल परदेशी गेली तेव्हा भालचंद्ररावांनी माळ्यावर एक छोटा कॉम्प्युटर ठेवला होता आणि सगळं घर त्यात बसवलं होतं. जुने फोटो, टाकीत किती पाणी आहे ते, ओट्यावरचा कॅमेरा, सगळं. बाहेरून त्याला हाक मारायची तर एक नाव लागतं. त्यांनी बायकोचं दिलं, इंदुमती. मुलगी तिकडून आणि बाप हॉलमधल्या खुर्चीतून, दोघंही तेच नाव टाईप करत. तोंडानं मात्र भालचंद्ररावांनी ते अडतीस वर्षांत घेतलं नव्हतं. त्यांचा अख्खा संसार ‘अगं’वर झाला होता, आणि झाला तो सुखाचाच झाला.

राउटर बसवणारा कोळेकर त्यांचाच जुना विद्यार्थी. भुवया पिकल्या तरी ‘सर’ म्हणतो. बोलावल्यावर तो आला, स्टुलावर चढला, पुढच्या दाराच्या चौकटीवरचा राउटर त्यानं कान लावून ऐकला आणि खाली उतरला.

“डबा चांगला हाय सर. पर आतनं निघून, दारात वळून, परत आत येणारं माणूस ह्याला ठावंच न्हाई. जुना वळवून पाठवत हुता.”

“मग मी जायचं कसं?”

“भाईर पडायचं आन् भाईरच्यावानी यायचं. मी शिकवून ठेवतो ह्याला. पर एक हाय, आतला आतच ऱ्हातो. येतो त्यो दुसरा.”

“चालेल,” भालचंद्रराव म्हणाले. “तोवर चहाचं काय?”

“दाराशी मागून बगा.”

भालचंद्ररावांनी उंबऱ्यावर उभं राहून, गल्लीकडे तोंड करून चहा मागितला. त्याबरोबर पाठीमागचं कॅलेंडर थोडं सरकलं आणि भिंतीतून इंदुमतीचा हात कोपरापर्यंत बाहेर आला, हिरव्या बांगड्यांसकट. हातात कप, कपावर वाफ. भालचंद्रराव धावले, पण त्यांची बोटं काही मिटेनात. चहा मागितला दाराशी आणि आला भिंतीतून. तो कुणाचा, हे बोटांना कसं कळावं?

“बोटं बराबर हाईत सर,” कोळेकर म्हणाला. “दाराशी मागितल्यालं दारातनंच याय पायजे.”

हात थोडा वेळ थांबला आणि भरल्या कपासकट परत गेला. जाता जाता भालचंद्ररावांना मनगटाशी भाजल्याचा एक जुना डाग दिसला. हा कधीचा, ते त्यांना आठवेना. आठवेना कसलं, माहीतच नव्हतं. आतापर्यंत त्यांना तशी काही तक्रार नव्हती. ताट काकूंनी आणून दिलं असतं, चवही तीच लागली असती. पण तो डाग काही काकूंनी आणून दिला नसता. त्यांना इंदुमतीला बघायचं होतं, आणि आत्ताच बघायचं होतं.

कोळेकर राउटरला शिकवून गेला. पाहुणा म्हणून जायचं, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि ते बाहेर पडले. मागं दार लागलं. वरच्या काचेतून राउटरचे चार दिवे दिसत होते, चारही लाल.

“अगं,” भालचंद्ररावांनी हाक मारली.

मग त्यांनी दारावर बोट वाजवलं.

“ऐकलंस का?”

दिवे लाल ते लालच. समोरच्या दारात नलवडेकाकू वाटी धरून उभ्या होत्या.

“भावोजी, असं कोण उघडंल? आम्ही सगळी नाव घेतो तिचं.”

“मी नवरा आहे तिचा.”

“मग उखाण्यात घ्या.”

दूधवाला सायकल लावून थांबला. कोपऱ्यावरचा शिंपी टेप गळ्यात घालूनच आला. लग्नाच्या दिवशी बहिणींनी असंच दार अडवलं होतं, तेव्हा भालचंद्ररावांनी पोटदुखीचं निमित्त करून वेळ मारून नेली होती. आता पोट ठणठणीत होतं. त्यांनी घसा खाकरला.

“माळ्यावर यंत्र, चौकटीवर दिवे चार,
इंदुमतीचं नाव घेतो, उघड बाबा दार!”

दिवे हिरवे झाले. शिंप्यानं टाळी वाजवली.

हॉलमधल्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसून नाक चोळत होतं. पाहुण्यानं घरच्या माणसाला उगाच उठवू नये, म्हणून भालचंद्रराव पाय न वाजवता पुढं गेले. भिंत अंगाला कोमट लागली, आणि ते स्वयंपाकघरात उभे राहिले. इंदुमती ओट्याशी होती. शेगडीवर वांग्याची भाजी रटरटत होती.

“या, बसा,” ती म्हणाली. “दारात कुणी माझं नाव घेतलं, म्हटलं बघावं कोण ते. आमचे हे बाहेर बसलेत.”

भालचंद्रराव स्टुलावर बसले. ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, पाहुण्याकडे बघतात तशी. त्यांना आवडलं ते.

“बरे आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“चांगले आहेत. स्वभावानं गरीब. आज चहा तेवढा घेतला नाही.”

“हात कधी भाजला?”

तिनं पदराखाली हात घेतला, मग परत बाहेर काढला.

“मार्चमध्ये. पापडाच्या वेळी. विचारणारे तुम्ही पहिलेच.”

भालचंद्ररावांना लाज वाटली, आणि तरी इतकं बरं त्यांना कैक दिवसांत वाटलं नव्हतं. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. तो त्यांचाच होता, सुपारीनंतरचा. इंदुमतीनं लगबगीनं नवा चहा गाळला आणि कप घेऊन भिंतीशी गेली.

“बघते परत एकदा.”

“थांबा,” भालचंद्रराव उठले. त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. त्यांचा हात दारातून आलेला होता. दोन्ही हात कप धरून भिंतीत गेले, आणि पलीकडे बोटं मिटली. कप गेला.

भालचंद्ररावांनी हात बाहेर काढला. इंदुमतीचा मात्र पलीकडून कुणी सोडेना. मनगटाशी, डागावरून, कुणाचातरी अंगठा हळूहळू फिरत असावा, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

“भाजी लागेल,” ती म्हणाली, पण हात काही ओढला नाही.

भालचंद्रराव शेगडीपाशी गेले. समोर तीन बटणं होती.

“इंदुमती, कुठलं?”

“डावीकडचं,” ती भिंतीला म्हणाली.