चुकीच्या कार्डावरचं वाक्य

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत शब्द अक्षरवार वाटत नाहीत, अर्थवार वाटतात. एकाला स्वयंपाकाचे, एकाला हवामानाचे. यंदा संपादकांनी माझ्या टेबलावर जो गठ्ठा आणून आदळला, त्यावर चिठ्ठी होती: ‘इजा, नुकसान, अपाय. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, लॅटिन मूळ.’ मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. गेली दोन वर्षं मला धड काहीच येत नाही, ना हसू ना रडू. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल परका होतो ना, तशी मी सगळीच झालेय.

माझी कार्डं तपासते ती माझी थोरली बहीण. मी लिहायचं, ताईनं तपासायचं, पटलं तर कोपऱ्यात सही करायची, आणि सही झालेलं कार्ड मीच नेऊन संपादकांच्या हातात द्यायचं. ताई सही डाव्या हातानं करते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातच संपतात.

ते कसं झालं हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांना चुकीचं ठाऊक आहे. कार्डं तेव्हा आम्ही दोघीच कापायचो. खिडकीखाली लांब पात्याचं कटर होतं. एकीनं जाड कागदांचा गठ्ठा धरायचा, दुसरीनं दांडा खाली ओढायचा. धरणारी ‘हं’ म्हणेपर्यंत दांडा तसूभरही हलवायचा नाही, हा नियम आमचा आम्हीच केलेला. बारा वर्षं पाळला. दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी ताईनं माझं एक वाक्य सगळ्यांदेखत खोडलं होतं. राग तसाही माझ्या नाकावरच बसलेला असतो. ती कडा जुळवत होती, जुळवतच होती, नेहमीसारखी मुंगीच्या पावलानं. तिनं ‘हं’ म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं नाही हे मला कळत होतं. थांबायचा कंटाळा आला. मी ओढलं.

दवाखान्यात संपादक आले तेव्हा ताईच म्हणाली, “मी हं म्हटलं आणि मग कडा नीट करायला बोटं पुढे घातली. माझाच गाढवपणा.” संपादकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस.” मी मान हलवली. पुढे कटरवर कापड पडलं, कार्डं बाहेरून कापून येऊ लागली, आणि ताईच्या बाहीचं बटण रोज सकाळी मी लावू लागले. ती हात पुढे करते, मी बटण लावते, मग आम्ही चपला घालतो. त्या विषयावर आम्ही चकार शब्द काढलेला नाही.

तर, गठ्ठा. पहिले काही शब्द मी नुसते उरकले. न्यूसन्स आणि इनोसंट एकाच पोटचे निघाले. लॅटिनमध्ये नोकेरे म्हणजे अपाय करणं. एक अपाय करणारा, दुसरा न करणारा. सख्खी भावंडं, आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इनोसंटचा अर्थ मी लिहिला, ‘ज्याचा हेतू वाईट नव्हता तो.’ ताईनं तो खोडून बाजूला लिहिलं, ‘मुळात हेतूचा संबंध नाही. ज्याच्या हातून अपाय झालाच नाही तो.’ तिचं बरोबर होतं. तिचं नेहमीच बरोबर असतं, तोच तर ताप आहे.

मग डॅमेज आणि इंज्युरी. डॅमेजचं मूळ दाम्नुम, म्हणजे तोटा. काहीतरी होतं, ते गेलं. कुणी घालवलं याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नाही. इंज्युरीचं तसं नाही. त्यात यूस आहे, म्हणजे न्याय, आणि त्याच्या आधी नकार देणारा इन. जखम हा अर्थ नंतरचा. आधी अन्याय, कुणीतरी कुणावर केलेला.

अर्थाखाली उदाहरणाचं वाक्य लागतं, आणि ते मनानं रचलेलं चालत नाही. स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलंच हवं, ही संपादकांची सक्ती. त्या सकाळी ताईनं माझं वाक्य खोडलं तेही रचलेलं होतं म्हणूनच. डॅमेजचं कार्ड तीन दिवस माझ्यापुढे कोरं पडून होतं. चौथ्या दिवशी मी लिहिलं: ‘थोरलीच्या हं म्हणण्याची वाट न बघता धाकटीनं पातं ओढलं आणि थोरलीची दोन बोटं गेली.’

शेजारी इंज्युरीचं कार्ड कोरंच होतं. मला ते दिसत होतं. पण म्हटलं, तोटाच म्हणू या, तोटा तर दोघींचाही झाला. ताईनं सही केली तर वाक्य संपादकांपुढे जाणार होतं, आणि माझी नोकरी बहुतेक तिथंच आटोपणार होती. खोडलं तर पुन्हा बटण, चपला, कचेरी. मला काय हवं होतं, देव जाणे. गठ्ठ्याच्या मधोमध डॅमेजचं कार्ड खुपसून, त्यामागे इंज्युरीचं कोरंच घालून मी गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला.

ती वाचत गेली. एका कार्डापाशी थांबली. मग डाव्या हातात पेन घेऊन बराच वेळ लिहीत बसली, आणि उठून स्वतः माझ्याकडे आली. दोन कार्डं समोर ठेवली. डॅमेजवरच्या वाक्यावर सरळ एक रेघ होती. झालं, मी मनात म्हटलं, हिनं पुन्हा पांघरूण घातलं.

मग दुसरं कार्ड बघितलं. इंज्युरी. त्यावर डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरांत तेच वाक्य होतं, शब्दन् शब्द. पुढे तिची भर: ‘आणि धाकटी दोन वर्षं गप्प बसली.’ खाली सही.

“वाक्य चांगलं आहे,” ताई म्हणाली. “चुकीच्या कार्डावर होतं.”

“पण तूच सगळ्यांना सांगितलंस ना, की...”

“तू ‘नाही, तसं नाही’ म्हणशील म्हणून सांगितलं गं. संपादकांकडे कोण बघत होतं? मी तुझ्या तोंडाकडे बघत होते.”

माझ्या छातीत दुखलं. चांगलं सणकून दुखलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. मला तिचा हात धरायचा होता, पण तिनं तो मागे घेतला.

“सही झालेलं कार्ड कोण नेतं?” तिनं विचारलं.

मी उठले. संपादकांच्या दारापाशी पोचून मागे वळून पाहिलं. ती कटरजवळ उभी होती, माझ्याकडेच बघत.

मी थांबून राहिले. ती काही बोलेना. मी तरीही थांबले.

“हं,” ताई म्हणाली.

मी दार ढकललं.