दीपगृहाचा पडदा

सकाळचे आठ वाजले नव्हते, तरी जुन्या दीपगृहाच्या एकशे बारा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात वर, काचेच्या खोलीत, ज्योतबाबा पापी शोधत होते. ज्याच्यावर संशय त्याचा रुमाल भिंगामागे, जिथं पूर्वी दिवा असे तिथं ठेवायचा. माणूस निर्मळ असला तर रुमाल तसाच राही, पापी असला तर काडी न लावता पेट घेई. आभाळ भरून आलं की मात्र ज्योत मौनात जाई. ज्योतीलाही रजा लागते का, असं कुणी विचारलं नाही. भक्तीच्या भरात असले प्रश्न सुचत नाहीत.

दाराशी दिवेकाका बसले होते. निवृत्तीपर्यंत तीस वर्षं त्यांनीच इथला दिवा सांभाळला होता. पुढे धक्क्यावर विजेचा दिवा आला, जुना दिवा गेला, आणि पुरुषभर उंचीचं भिंग जड म्हणून तिथंच राहिलं. काकांची सवय मात्र सुटली नव्हती. उठल्या उठल्या ते घरातले सगळे पडदे ओढत. सून हसून म्हणे, "बाबा, आपल्या खिडकीवर कुठलं जहाज आदळणार आहे?"

आज पाळी जाळीवाल्या आक्कांची होती. पायथ्याशी त्यांचं खोपट होतं, तिथं त्या जाळी विणत. बाबांना त्याच जागेवर मठ हवा होता आणि आक्का हलायला तयार नव्हत्या. रुमाल पेटला तर बाईला गावाबाहेर काढा, असं बाबांनी कालच सांगून ठेवलं होतं. गावाला ते लगेच पटलं. सव्वीस वर्षांपूर्वी आक्कांचा नवरा बोटीसकट बुडाला, तेव्हा त्या याच खोलीत येऊन दिव्याच्या नावाने बोटं मोडून गेल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी इथं आग लागली. तेव्हापासून बाई काळ्या जिभेची ठरली आणि लोक तिला पाहून वाट बदलू लागले. ती आग खरी कशाने लागली, ते एकट्या काकांना ठाऊक होतं.

बाबांनी जयघोष सुरू केला. त्या गलक्यात शिष्याने पूर्वेचा पडदा हळूच सरकवला. कड्यांची खुळखुळ काकांनी तेवढी ऐकली. आक्कांच्या रुमालातून धूर निघाला, मग जाळ.

"ज्योतीला डोळे आहेत, बाळांनो," बाबा गोड आवाजात म्हणाले. "पाप तिच्यापासून लपत नाही."

आताही गप्प बसलो तर निभावून जाईल, असं काकांच्या मनात आलं. त्या विचाराची त्यांना स्वतःलाच शिसारी आली आणि ते उठले.

"बाबा, आता तुमचं उपरणं ठेवा."

"साधूची परीक्षा घेतोस?"

"निर्मळ असेल तर राहील की."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. काकांनी उपरणं ओढून जागेवर ठेवलं. बघता बघता त्याला भोक पडलं. मग त्यांनी पडदा ओढून घेतला आणि आपला रुमाल ठेवला. कितीतरी वेळ गेला, पण त्याला काही झालं नाही.

"म्हणजे मी निर्मळ ठरलो," काका म्हणाले, "आणि या खोलीत माझ्याइतका दोषी दुसरा कुणी नाही."

त्यांनी भिंतीवरची बाबांची तसबीर उतरवली. मागे जुनी पाटी होती: पडदे ओढल्याशिवाय खोली सोडू नये, आगीचा धोका. हे भिंग म्हणजे एकात एक बसवलेल्या काचांच्या कड्या, काकांनी समजावलं. दीडशे वर्षांपूर्वी घडवणाऱ्याने ते असं घडवलं, की मधल्या एवढ्याशा वातीचा उजेड सरळ झोत होऊन दहा कोस जावा. पण ज्या वाटेने उजेड बाहेर जातो, त्याच वाटेने सकाळचं तिरपं ऊन आत येतं आणि नेमकं वातीच्या जागी गोळा होतं. म्हणून दिवा मालवला की चहाच्याही आधी पडदे ओढायचे.

"आक्का रडून गेल्या, त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पडदा ओढायचा राहिला. ती आग माझी. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. लोक आक्कांचं नाव घ्यायला लागले, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

या गडबडीत बाबा शिष्यासह पायऱ्या कधी उतरले, ते खोलीतल्या कुणाला कळलं नाही. काकांनी आक्कांपुढे हात जोडले. आक्का जळक्या रुमालाकडे बघत होत्या.

"मला खरंच वाटत होतं, माझ्याच जिभेने पेटलं," त्या म्हणाल्या. "लेकीच्या लग्नालासुद्धा गेले नाही मी, अपशकुन नको म्हणून. इथं वर सांगितलंत, ते आता खाली घरोघर जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवसापासून काका खिशात वाचायचं भिंग घेऊन दारोदार फिरू लागले. अंगणातल्या उन्हात ते कागद जाळून दाखवत आणि म्हणत, "अचंबा वाटला तर वाटू द्या, पण हात जोडण्याआधी पडदा कुणी सरकवला ते बघा. आणि एखाद्या बाईला नाव ठेवण्याआधी तर दहादा बघा." मग आपली चूक सांगत. काही जण म्हणाले, जुनं झालं ते, सोडा आता. काका म्हणत, आक्कांचं कुठं सुटलंय?

शेवटचं दार आक्कांच्या लेकीचं होतं. तिथं त्यांनी भिंग बाहेर काढलं नाही, आधी आगीचं सांगितलं. पायात चपला सरकवून लेक आईच्या खोपटाकडे चालू लागली.