कुंकवाचा आळ

साहेब, तुम्ही खोटं बोललात, आणि तेही वेल्ह्यात एकदाही पाऊल न टाकता. आमच्यासारख्या अभ्यासिकांचे संगणक तुमच्या ताब्यात, पण भोरच्या कार्यालयापुढं तुमची गाडी सरकली नाही. फोनवर अर्धवट ऐकलंत आणि निकाल देऊन मोकळे झालात : मशीनमध्ये कुंकू गेलंय, पूजा करणाऱ्या बाईची चूक आहे, चौकशी होईपर्यंत तिला केंद्रात घेऊ नका.

ती बाई म्हणजे आमच्या फुलाबाई. अभ्यासिकेचं कुलूप त्या उघडतात, झाडलोट त्या करतात, पोरांना चहाही त्याच टाकतात. तोरण्याच्या अंगाला धनगरवस्ती आहे, तिथनं रोज चालत येतात. नवरा मेंढरं घेऊन खाली गेला की पावसाळ्यापर्यंत घर याच कामावर चालतं. ते काम तुम्ही एका फोनवर काढून घेतलंत.

झालं होतं एवढंच. खंडेनवमीला त्यांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आमच्याकडं खुरप्यापासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना वाहतात, संगणकानं काय घोडं मारलंय? सुट्टी संपली, केंद्र उघडलं, भरतीची तयारी करणाऱ्या सूरजनं पोलीस भरतीचा व्हिडिओ तास लावला आणि पडदा निळा झाला. मशीन आपोआप बंद, आपोआप चालू. परत तास लावला, परत निळा. नुसतं टायपिंग करा, दिवसभर चालतंय. व्हिडिओ लावला की कोसळतंय.

तुम्ही कुंकू म्हणालात आणि गावानं मान डोलावली, माझ्यासकट. फुलाबाईंना स्वतःलासुद्धा पटलं. तरी रोज यायच्या. बाहेर पायरीवर बसायच्या, आत यायच्या नाहीत.

माझी पुतणी प्रेरणा भोरच्या कॉलेजात संगणकांची प्रयोगशाळा सांभाळते. तिला बोलावलं. नसरापूरला एसटी बदलून आली, पाणीसुद्धा न पिता मशीनपुढं बसली.

"काका, उघडून बघितलं का कुणी?"

"कुणाची छाती हाय? वर सायबाचा शिक्का हाय."

"शिक्क्यानं व्हिडिओ चालणार असंल तर राहू द्या," म्हणाली आणि स्क्रू फिरवायला लागली.

खोटं कशाला सांगू, आत कुंकू निघालं. पंख्याच्या पात्यावर लाल कड होती. आमच्या अभ्यासिका समितीतले सगळ्यात वडील गेनबा, ते लगेच पुढं वाकले. "ह्ये बघा. म्या काय म्हनत हुतो?" पायरीवरच्या फुलाबाईंनी तोंड फिरवलं.

प्रेरणानं ब्रशनं सगळं झाडून काढलं, झाकण लावून मशीन चालू केलं, तास लावला. निळा पडदा.

"आजून आत कुठंतरी आसंल," गेनबा म्हणाले.

"आजोबा, ह्याला कुंकवाचा राग असता तर टायपिंग करताना पण आला असता. चित्र हलायला लागलं की मगच का येतो?"

तिनं मशीन सेफ मोडमध्ये चालू केलं. त्यात म्हणे जादाचं काही चालत नाही, मशीन अगदी साध्यावर येतं. आता तास लावला तरी पडलं नाही. मग तिनं आतल्या भागांची यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. कार्ड चालवायला एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमचं कार्ड जुनं. ड्रायव्हर बसवलेला होता नव्या, वेगळ्या कार्डाचा. आणि मशीनमधल्या नोंदीत दिसलं, तो बसवला होता तुमच्या कार्यालयानं, सणाच्या तोंडावर, भोरला बसून, लांबूनच. भोरच्या मशिनींना जो दिला तोच आम्हाला. हितं कुठलं कार्ड आहे हे बघायची तसदी कुणी घेतली नाही.

गेनबा म्हणाले, "दुसऱ्या डेपोचा ड्रायव्हर धाडला म्हनायचा. घाट म्हाईत न्हाई आन् गाडी दिली हातात."

प्रेरणानं तो ड्रायव्हर काढला. पडद्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी झाली. "आता तर आनिकच बिघाडलं," गेनबा. "बिघडलं नाही आजोबा, थांबा जरा." केंद्राचं नेट त्या दिवशी गेलेलं, म्हणून तिनं सूरजचा मोबाईल खिडकीच्या गजात अडकवून नेट धरलं, आमच्या कार्डाचा बरोबर ड्रायव्हर उतरवून घेतला, बसवला. तास लावला. मास्तर पडद्यावर टक्केवारी शिकवायला लागले आणि शिकवतच राहिले.

मला वाटलं, संपलं. पण गेनबांनी कान खाजवला. "कुंकू पुसलं म्हनून बी चाललं आसंल की."

 प्रेरणानं तुमचा ड्रायव्हर परत बसवला. आत कुंकवाचा कण नव्हता. तास लावला, आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत निळा पडदा. मग आमचा बरोबर ड्रायव्हर पुन्हा घातला आणि ती दाराशी गेली.

"मावशी, आत या. हळदकुंकू घेऊन या."

"म्या न्हाई येत. सायबांनी न्हाई म्हटलंय."

"साहेब मला बघू द्या. खंडेनवमीला वाहिलं तेवढंच वाहायचं. जास्त नाही, कमी नाही."

"येडी का खुळी तू पोरी? येकदा मारलंय म्या त्येला."

"मारलं का नाही, तेच बघायचंय."

फुलाबाई चपला काढून आत आल्या. करंडा उघडला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, थोडं जाळीतनं आतही गेलं. नमस्कार करून अशा मागं सरल्या की जणू फटाक्याची वात पेटवलीय. सूरजनं तास लावला.

मास्तर टक्केवारीवरनं नफातोट्यावर आले. नफातोट्यावरनं व्याजावर आले. आम्ही सगळे उभ्यानं तो तास बघितला, गेनबासुद्धा, ज्यांना बेरजेच्या पुढं काही येत नाही. तास संपला, मास्तरांनी नमस्कार केला, पडदा जागेवर.

फुलाबाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. रडतील असं वाटलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सूरजकडं बघून म्हणाल्या, "च्या टाक की रं. रोज म्याच टाकायचा व्हय?"

सगळे हसले. चहा गेनबांनी टाकला. साखर विसरले, तरी सगळ्यांनी तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवसापासनं फुलाबाई कामावर आहेत. तुमची परवानगी आम्ही मागितली नाही. तुमच्याकडनं लांबून काही बसू नये अशी व्यवस्था प्रेरणानं करून ठेवलीय, तीही न विचारता.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा राजगडाखालच्या पालीहून फोन आला. तिथल्या केंद्रातही व्हिडिओ लावला की निळा पडदा येतो, आणि तिथं झाडलोट करणाऱ्या सखूबाईंना सांगितलंय की ओल्या फडक्यानं टेबल पुसलंस म्हणून मशीन गेलं. प्रेरणा रविवारी जाऊन ते नीट करील. पण ती एकटी कुठं कुठं पुरणार? म्हणून विचारतो साहेब : हा ड्रायव्हर तुम्ही कुठल्या कुठल्या गावांत घातलात, आणि तिथं कुणाकुणाला घरी बसवलंत? फोन करू नका. नावांसकट लेखी उत्तर द्या.