मिटलेल्या डोळ्यांसमोरची मण्यार

नंदाबाईंना बैठक मोडायची नव्हती, एवढंच. पुढचं सगळं त्यातून झालं.

टिटवाळ्याच्या एका नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावरचं घर. बाल्कनीमागे राडारोड्याचा ढीग, त्यापलीकडे कमरेएवढं गवत. मुलगा आणि सून उत्तरा नोकरीला ठाण्याला, म्हणून तीन वर्षांची सान्वी दिवसभर आजी-आजोबांपाशी. नंदाबाई मूळच्या कीर्तनवेड्या. बुवांनी अभंग उचलला की यांची टाळी आपोआप सुरू आणि डोळ्यांना धार. अशी बाई इगतपुरीला दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला निघाली, तेव्हा नवरा महिपत म्हणालेला, "दहा दिवस तू गप्प? बुद्धाची कमाल आहे गं!"

पण परत आल्या त्या पंचशील घेऊन. त्यातलं पहिलंच, जीव घ्यायचा नाही. देव्हाऱ्यात पांडुरंग होता तिथेच राहिला. बुवा जी भूतदया गाऊन सांगायचे, ती शिबिरात बसून करायला शिकवली, असा त्यांचा सरळ हिशोब.

मग घरात उंदीर झाले. महिपतने उंदीर पकडायचा चिकट पुठ्ठा आणला, तो त्यांनी घडी घालून कचऱ्यात टाकला. वर रोज बाल्कनीत मूठभर तांदूळ ठेवायला लागल्या. बाहेरच पोट भरलं की बिचारे आत येणार नाहीत!

"खानावळ काढ आता," महिपत म्हणायचा. "पाटी मी रंगवून देतो."

त्या संध्याकाळी सान्वी रडून रडून जमिनीवरच्या गोधडीवर झोपी गेली. वारा यावा म्हणून बाल्कनीचं दार बोटभर उघडं ठेवून नंदाबाई भिंतीपाशी बसल्या. ही निश्चयाची बैठक. तासभर हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. देहावर जे उमटेल ते नुसतं पाहायचं.

बऱ्याच वेळाने उजव्या पावलावर काहीतरी उमटलं. थंड, गुळगुळीत, पाण्याच्या ओघळासारखं. घोट्यावरून चढलं, पोटरीशी क्षणभर थांबलं, डाव्या पायावर उतरलं. नंदाबाईंना मनातून आनंदच झाला. इतकी स्पष्ट संवेदना त्यांना शिबिरातही आलेली नव्हती. आली तशी जाईल, त्यांनी मनाला सांगितलं.

गेलीच ती. आणि मग गोधडी सळसळली.

संवेदनेला आवाज नसतो.

त्यांनी डोळे उघडले. काळी कुळकुळीत, अंगठ्याएवढी जाड, अंगावर पांढरे पट्टे. मण्यार. सान्वीच्या तळव्यांपासून वीतभर अंतरावर ती डोकं हलवत होती, वास घेतल्यासारखी. नंदाबाईंच्या छातीत मृदंगावर थाप पडावी तसं काहीतरी पडलं आणि पडतच राहिलं. ओरडावं तर पोरगी दचकून पाय झाडणार.

"झाली का समाधी? चहा..." महिपत दारात आला आणि कप त्याच्या हातात तसाच थांबला. त्याने तो अलगद खाली ठेवला, दारामागची काठी घेतली. कोकणातल्या गावी त्याने अशा किती मारलेल्या.

"हलू नकोस," तो कुजबुजला.

आणि खरं सांगायचं तर नंदाबाईंच्या गळ्याशी एकच शब्द आलेला: मारा. शील, शिबिर, सगळं कुठल्या कुठे गेलं. ठेचा तिला, एवढंच. काठी वर गेली. तेवढ्यात मण्यार गोधडीच्या कडेखाली शिरली, नेमकी पोरीच्या पायाशी. आता घाव घालायचा तर सान्वीवरच.

"अहो, काठी खाली करा."

"अगं, वेडी आहेस का?"

"खाली करा म्हणते ना! ती चिडली तर कोणाला चावेल?"

काठी खाली आली. नंदाबाई उठल्या. मुंग्या आलेले पाय त्यांच्या ताब्यात नव्हते. श्वास आत, श्वास बाहेर, एवढंच हाताशी उरलेलं. त्यांनी सान्वीच्या खाली दोन्ही हात सारले. हातांखाली, गोधडीच्या आड, काहीतरी वळलं. त्या थांबल्या. ते थांबलं. मग त्यांनी पोरीला उचललं, जणू तुपाने काठोकाठ भरलेली वाटी आहे, आणि पाठ न फिरवता बाहेर आल्या. महिपतने खोलीचं दार ओढून फटीत ओला टॉवेल कोंबला आणि फोन लावला.

शहाडहून समीक्षा नावाची सर्पमित्र स्कूटरवर आली. तिने मण्यार बरणीत घेतली, झाकण घट्ट केलं. "उंदरांमागे आलेली, काकू. पण हिचा दंश कधी कधी कळतसुद्धा नाही हं. काका, दोघींना लगेच दवाखान्यात न्या."

कल्याणच्या दवाखान्यात नंदाबाई सान्वीला मांडीवर घेऊन बसल्या. पोटरीत मुंग्या येत होत्या. बसून बसून आलेल्या, की विषाच्या? देहातलं सगळं ओळखायला शिकलेल्या बाईला आपला पाय ओळखता येईना. त्या घडीघडीला सान्वीच्या पापण्या विषाने जड होतायत का ते बघत, तिला बोलतं ठेवत. सान्वी बिस्किटासाठी चिडली, तेव्हा त्यांना रडूच आलं.

सून धावत आली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही डोळे मिटून बसलेलात?"

नंदाबाईंनी सान्वीला तिच्या हाती दिलं.

सकाळी डॉक्टरांनी दोघींना घरी सोडलं. घरी आल्या आल्या नंदाबाईंनी बाल्कनीतले तांदूळ दाणा न् दाणा वेचले. महिपतने उंदरांच्या बिळांत सिमेंट भरलं, दाराला बारीक जाळी ठोकली. तोंड चालूच होतं, "अहिंसेला सिमेंट लागतं, हे तुझ्या शिबिरात सांगितलं नाही वाटतं?" नंदाबाई हसल्या नाहीत. "नव्हतं कळलं मला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पुन्हा भिंतीपाशी बसल्या. डोळे मिटेनात. पापणी खाली आली की पावलावर ते थंड काहीतरी सरके. दोनदा उठून त्यांनी जाळी चाचपली.

महिपत उठला. बाल्कनीच्या दाराशी स्टूल ओढून बसला.

"तू मीट. मी उघडे ठेवतो."

"आणि काठी?"

"नाही घेतली," त्याने हातातला टॉर्च दाखवला. "दिसली तर त्या समीक्षाला फोन लावीन. मीट आता."

त्यांनी डोळे मिटले. भीती गेली नव्हती, छातीत मृदंग तसाच वाजत होता. पण शेजारच्या खोलीतून सान्वीचं बडबडणं ऐकू येत होतं. आणि दाराशी टॉर्चचं बटण, मधूनमधून, खट् करून.