न बघता तीन

पाटीताईंना खुर्ची मिळाली नाही, वर त्यांची अकरा वर्षंही गेली. पण असं काही झालंच नाही, असं धरून चालू. कार्यालयही तसंच धरून चाललंय.

तर पाटीताई. रस्त्याकडेला लावायच्या पाट्या गोदामात यायच्या. आधीच्या टेबलावर गोल, चौकोनी, तिकोनी वेगळ्या व्हायच्या. ताईंकडे नक्की त्रिकोण ठरलेल्याच पाट्या यायच्या, आणि त्या त्रिकोणांना कोपरे किती, हे बघणं ताईंचं काम. फरशीवर उकिडवं बसायचं, पाटी पुढ्यात ओढायची, एक, दोन, तीन, आणि मागे शिक्का. चौथा कोपरा कधी निघाला नव्हता. निघणारही नव्हता, पण नियमाला हे सांगणार कोण.

गुडघे मात्र पार कामातून गेले होते. संध्याकाळी ताई भिंतीला टेकून पाय पसरायच्या आणि सासूबाई विचारायच्या, "आज किती निघाले गं?"

"तीन."

"कालच्याइतकेच? बरं झालं. वाढले असते तर आणखी उशिरा आली असतीस." मग पसरलेल्या पायांकडे बघून, "यंदा त्या खुर्चीचं बघच. तुझे गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे झालेत."

खुर्ची म्हणजे वरिष्ठ तपासनिसाची जागा. बैठं काम, पाठ टेकायला सोय. अट एकच, दहा वर्षांची सेवा. ताईंशिवाय गोलभाऊंचाही अर्ज होता. ते गोल पाट्यांचे कोपरे मोजायचे.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "त्रिकोणाला तीन कोपरे असतात, हे तुम्हाला मोजून मोजून कळलं ना?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ताई इतक्या दमल्या होत्या, की खोटं बोलायचंही जिवावर आलं.

"नाही साहेब. त्रिकोण म्हटला की तीन. त्यात बघायचं काय? जगातल्या सगळ्या पाट्या उद्या जळाल्या तरी तीनच."

"म्हणजे पहिल्या दिवशीच माहीत होतं?"

"त्याच्या आधीपासून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग इतकी वर्षं मोजून कळलं काय?"

"गुडघे दुखतात ते. ते मात्र बसल्याशिवाय कळलं नसतं."

"ते तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाही."

ताई बाहेर बाकावर येऊन बसल्या. दार उघडंच होतं. आत साहेब गोलभाऊंना विचारत होते, "गोल पाटीला कोपरा नसतो, हे कधी लक्षात आलं?"

"अजून खात्री नाही साहेब," गोलभाऊ म्हणाले. "एकेक बघतोय."

आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. कुणासाठी सरकली, हे ताईंना न बघताच कळलं.

सोमवारी आदेश निघाला. जे आधीच माहीत होतं ते बघत बसणं हे काम नव्हे. त्यामुळे ताईंची अकरा वर्षांची सेवा झालेलीच नाही. त्यांनी नवीन उमेदवार म्हणून उद्या फरशीवर हजर व्हावं.

"उद्या किती निघतील?" सासूबाईंनी विचारलं. ताईंनी आदेश त्यांच्या पुढ्यात ठेवला. मग सासूबाईंनीच उठून कागद आणून दिला. "लिही. मिळणार काही नाही, पण त्यांना वाचावं तरी लागेल."

ताईंनी लिहिलं:

"विषय: न वापरलेली वर्षं परत मिळण्याबाबत.

महोदय, आपल्या आदेशानुसार माझी अकरा वर्षं सेवेत खर्ची पडलेली नाहीत. मजकडेही ती शिल्लक नाहीत. म्हणजे ती आपल्याच गोदामात कुठेतरी पडून असावीत. तरी ती शोधून, सोबतच्या दोन गुडघ्यांसह, घेतली होती त्याच स्थितीत मला परत मिळावीत, ही नम्र विनंती."