दगडागणिक आकडा

फावड्याचा दांडा पहिल्यांदा शिवराम गवंड्याच्या खांद्यावर बसला, दुसऱ्यांदा कपाळावर. हातातला तांबड्या रंगाचा डबा उडाला आणि शिवराम भिंतीवर आदळला. रक्त डोळ्यांत उतरलं. तिसरा घाव त्याने उजव्या मनगटावर झेलला. आत काहीतरी मोडल्याचं आधी ऐकू आलं, कळ नंतर आली.

मारणारा अहमद होता. एरवी हा पॅलेस्टिनी आर्किटेक्ट गवंड्यांना स्वतः चहा ओतून देई. ओमानमधल्या इब्र्यापलीकडच्या डोंगरातलं हे ओस गाव तो वर्षभर उभं करत होता. फलजच्या जुन्या पाटाला पाणी आलं होतं, खजुराची बाग धरली होती; थंडीत पाहुणे याच दगडी घरांत उतरणार होते. इथं जमलं, तर आजोबांचं पॅलेस्टाईनमधलं उजाड गावही असंच जागवायचं, हे तो सगळ्यांना सांगत असे.

शिवरामच्या जोडीला काम करणाऱ्या सतीशने मागून अहमदला कव घातली.

"शिवरामदादा, पोलिसांक फोन करतंय. हेका याड लागला."

"थांब रे."

"कौन बोला तोडने को?" अहमद ओरडला. "अर्बाब बोला? मालिक?"

मग तो अरबीतच बोलत सुटला. आठ वर्षांत कानांवर पडलेली अरबी शिवरामला पुरली. अहमदच्या आजोबांच्या गावात सैनिकांनी सकाळी घराघरावर तांबडे आकडे घातले होते. संध्याकाळपर्यंत आकड्याचं एकही घर उभं राहिलं नाही. पणजी आत चुलीपाशीच होती.

शिवरामने डाव्या हाताने भिंतीतला सैल दगड ओढून काढला, त्यावरचा चौदाचा आकडा दाखवला आणि दगड होता तिथेच पुन्हा बसवला.

"तोडना नहीं, साहेब. भिंतीचा पोट बाहर आया. उतारेगा, फिर वैसाच चढायेगा. जिसका नंबर, उसका जागा. हमारे गाव में देऊळ ऐसाच उतारता है."

घराला एक नव्हे, दगडागणिक वेगळा आकडा होता. अहमदची नजर भिंतीवरून सावकाश फिरली. दांडा त्याच्या हातातून गळला.

आरडाओरडा ऐकून मालकाचा मॅनेजर धावत आला. शिवरामचं कपाळ पाहून त्याने विचारलं,

"क्या हुआ?"

सतीशने शिवरामकडे पाहिलं. एका शब्दात अहमद तुरुंगात गेला असता आणि काम खलास झालं असतं.

"दगड गिरा," शिवराम म्हणाला. "चौदा नंबर."

इब्र्याच्या हॉस्पिटलकडे गाडी अहमदच चालवत होता. सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन शिवराम बाहेर बघत होता. हा हात पुन्हा थापी धरेल की नाही, ते एक्स-रेत कळणार होतं.

बऱ्याच वेळाने अहमदने विचारलं, "जो घर गिर गया... नंबर नहीं... उसका पत्थर किधर?"



"एक बाजू काला होगा," शिवराम म्हणाला. "चूल्हे का धुआँ. वो बाजू अंदर."

अहमदने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात मात्र त्याने काढले नाहीत.