आखूड पडलेला दोरा

"माय, दोरा काचायलाय बघ," खांदा चोळत शिवकांत म्हणाला.

गळ्यातून काखेखाली गेलेला इष्टलिंगाचा दोरा रुतून लाल वळ उठला होता. गौराबाईनं सूत काढलं. दोरा वाढवायची सहा वर्षांतली ही तिसरी खेप.

काटकुळा होता तेव्हा शिवकांत वालूरच्या आपल्या ओट्यावर मांडी घालून पोरांना पाढे शिकवायचा. मग त्याच्या कानात आवाज येऊ लागले आणि शिकवणी मोडली. परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आवाज थांबले, पोरं परत आली. पण अंग सुटत गेलं. आता तो खुर्चीवर बसायचा, आणि त्याची पाठ वळली की पोरं गाल फुगवून दाखवायची.

लाजेनं तो परभणीला जायचा बंद झाला. गोळ्या आणायला गौराबाई एकटीच जाई. डॉक्टर दर खेपेला विचारत, "वजन वाढलंय का? वाढलं असेल तर गोळी बदलून बघू."

"न्हाई साहेब, व्हतं तेवढंच हाय," ती सांगे. गोळी बदलली आणि आवाज परत आले तर, हा धाक होता.

तिनं जुना दोरा सोडला. लिंगाभोवतीच्या वस्त्राच्या टोकाला गाठ होती. गाठीत पाच गोळ्या निघाल्या.

"हे काय रे?"

"पोरं हसत्यात, माय. सोडल्या की बारीक होईन वाटलं. पर फेकायला भ्याव वाटलं, म्हणून देवापाशी ठेवल्या."

"अन् आवाज?"

"काल साताच्या पाढ्यात मधीच कुणीतरी बोललं. पोरांतलं न्हवतं."

गौराबाईनं हातातलं सूत खाली ठेवलं. "डॉक्टर इचारत व्हते रे. मीच लपवलं."

दुसऱ्या दिवशी दोघं परभणीला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. वजन झालं, रक्त तपासलं. साखर वाढली होती.

"गोळी बदलू, पण एकदम नाही. आणि हे वाढलेलं वजन लगेच उतरणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आजी, आधी सांगायला हवं होतं."

गौराबाईनं पिशवीतून पुरचुंडी काढली. देवाचे दोरे टाकायचे कसे, म्हणून तिनं जपून ठेवले होते. सहा वर्षांत एकामागून एक आखूड पडलेले तिन्ही दोरे तिनं टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

शिवकांत भिंतीवरचा तक्ता वाचत होता. ती सगळ्यात आखूड दोरा बोटानं सरळ करत राहिली.